धुरपानं न घातलेला टाका

ऐका. काहिलीखालचा जाळ जरा बेतानं ठेवा, म्हणजे रस ओतू जायचा नाही अन् माझंही लक्ष तिकडं जायचं नाही. गूळ उतरायला अजून बराच अवकाश आहे, तोवर एक सांगतो. पण मधेच कुणी उठून उसाच्या फडाकडं जायचं नाही. जायचं असेल तर आत्ताच जाऊन या.

कुणी नाही ना? बरं. मग ऐका.

ही गोष्ट धुरपा पाथरवटणीची. खरी आहे. आपल्याकडं तेव्हा पिठाच्या गिरण्या आल्या नव्हत्या. घरोघरी जातं. अन् जातं दळून दळून गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावावी लागायची. म्हणजे छिन्नीनं दगडावर बारीक बारीक टाके घालायचे, तो पुन्हा खरबरीत करायचा. ते काम धुरपाचं. काखेत हत्याराची थैली, त्यात एक हातोडी अन् तीन टाक्या. चालली की खण् खण् वाजायच्या. बायका आवाजावरून ओळखायच्या, धुरपा आली म्हणून.

बाई कशी होती म्हणाल तर काटक. काळीसावळी. वय पंचविशीच्या आतबाहेर. नवरा लिंबाजी लांब कुठं विहिरीच्या कामावर गेलेला. हिची पालं खोकडवाडीच्या शिवेवर पडलेली. पदरात सहा महिन्यांची मुलगी, मंजुळा. अंगावर पिणारी. तिला जावेपाशी, हौसापाशी ठेवून धुरपा सकाळीच पिंपळखुटीला आली होती. पाटलाच्या घरी लगीन होतं. सात जाती टाकवायची होती. दिवेलागणीपर्यंत परत येते, असं हौसाला सांगून आलेली.

सात जाती तिनं उन्हं कलायच्या आत उरकली. हात धुतले. तेवढ्यात पाटलीणबाईंनी मागच्या खोलीतनं आठवं बाहेर काढायला लावलं.

"एवढं एक कर गं," पाटलीण म्हणाली. "उद्या हळद दळायचीय. सवाष्णी येतील."

"बाई, पोर अंगावर पितंय माजं. सकाळधरनं उपाशी हाय."

"जाऊ आहे ना तिथं? पाजील गूळपाणी. लगीनघरातनं काम टाकून जाऊ नये."

आता लगीनघर म्हटल्यावर काय बोलणार. धुरपा परत बसली. आठवं जातं नेमकं चिवट निघालं. काळ्या पाषाणाचं. होईस्तोवर दिवस बुडाला. पाटलीणीनं शिधा दिला. पायलीभर ज्वारीचं पीठ, गुळाचा खडा, दोन हळकुंडं. म्हणाली, "आता रात्रीची कुठं जातेस. पडवीत पड. पहाटे जा."

"न्हाय बाई. मी जातीया."

अन् निघाली. छाती दाटून दगडासारखी झालेली. तुमच्यातल्या बायामाणसांना कळेल ते दुखणं. चोळीला हात लावू देत नाही. पाऊल टाकलं की ठणका मस्तकात जातो.

वेशीवर म्हातारा राखणदार बसला होता, भिवा नाईक. त्यानं हटकलं.

"कुटं गं एवढ्या अंधाराची?"

"खोकडवाडीला."

"मग वड्याच्या वाटंनं जा. तीन कोस पडंल."

"तीन कोस चालायला येळ न्हाय. माळावरनं दीड कोसात जाईन."

भिवा उठून उभा राहिला. "ओसाडीच्या माळावरनं? त्या परास हितंच बस. तितला दगड अर्धा ऱ्हायलाय, ठावं न्हाय का तुला?"

आता हे अर्ध्या दगडाचं तुम्हाला सांगायला पाहिजे. त्या माळावर पूर्वी गाव होतं. त्या गावात प्लेग शिरला. माणसं पटापट जायला लागली. तेव्हा गावानं ठरवलं, आपल्याला राखायला एक नवा देव बसवायचा. मोठी शिळा ओढून आणली. पाथरवट बोलावला. पण लोकांना धीर कुठला? मूर्ती घडायच्या आतच त्यांनी त्या शिळेपुढं कोंबडी कापायला सुरुवात केली. बकरी कापली. रोज रक्ताचा शिडकावा. अजून नाक नाही, डोळे नाहीत, अन् नैवेद्य चालू. अन् एके दिवशी तो पाथरवटच प्लेगानं गेला. उरलेली माणसं गाव टाकून पळाली. जुने देव डोक्यावर घेऊन गेली. ती शिळा तेवढी मागं राहिली. रक्ताची चटक लागलेली, अन् खायला तोंड नाही. देव झाला नाही, अन् नुसता दगडही उरला नाही.

भिवानं एवढं सगळं सांगितलं. धुरपानं ऐकून घेतलं. म्हणाली, "नाईक, मी जल्मभर दगडच फोडलंत. अर्धा काय अन् सारा काय. माजं पोर रडत आसंल तितं."

अन् चढाला लागली.

वद्य सप्तमी होती. चंद्र उगवायला मध्यरात्र. चांदण्यांचा तेवढा उजेड. धुरपानं आभाळात बाज, म्हणजे सप्तर्षी, बघून ठेवली, ती डाव्या हाताला धरली की पल्याडची खिंड समोर येते, हे तिला ठाऊक होतं. चढ संपला. माळ लागला. कुसळाचं गवत, मधे पडक्या घरांची जोती. वारा नाही. थैलीतल्या टाक्या वाजतायत, खण् खण्. तेवढाच आवाज.

वाटेच्या कडेला एक उभा दगड दिसला. पुरुषभर उंचीचा. तिनं मनाशी म्हटलं, हाच असेल. बघितलं नाही त्याच्याकडं. पुढं गेली.

घटकाभर चालली. समोर दगड.

तसलाच. पुरुषभर उंच. वाटेच्या कडेला. ती थबकली. वर बघितलं, बाज डाव्या हातालाच होती. म्हणजे दिशा बरोबर. असतील दोन दगड, म्हणाली. पुढं चालली. झपाझप. परत घटका गेली, अन् परत समोर दगड.

आता तिच्या लक्षात आलं. चकवा. चकवा लागला की माणसानं बसून राहावं, उजाडलं की तो सोडतो, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. पण बसून कसं राहणार? घरी पोर. छातीत ठणका.

तेवढ्यात बाजूनं कुणीतरी खाकरलं.

दहा पावलांवर एका जोत्यावर माणूस बसला होता. डोक्यावरून घोंगडं. मेंढक्यासारखा. अंधारात तोंड दिसत नव्हतं.

"वाट चुकलीस का बाई?"

"न्हाय."

"दोनदा गेलीस हितनं."

धुरपानं थैली काखेत आवळली. तो म्हणाला, "चकवा हाय त्यो. तुज्यापाशी हत्यार हाय न्हवं? मंग दगडावर एक टाका घालून जा. त्योच दगड फिरून आला तर खूण सापडंल. न्हाय सापडली तर समज, वाट पुढं सरकतीया."

आता ऐका. सल्ला काय वाईट होता का? तुम्ही आम्ही असतो तर हेच केलं असतं. तिनंही केलं. टाकी काढली, दगडाच्या वरच्या अंगाला उजव्या बाजूला एक खाच पाडली. बोटाच्या पेराएवढी. अन् मागं वळून बघते तर मेंढका नाही. मेंढ्यांचा वासही नाही. कुत्रं भुंकल्याचा आवाज नाही. माळावर मेंढका, अन् त्याच्यापाशी कुत्रं नाही, हे तिला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण घाईत असलेल्या माणसाला खटकत नाही.

पुढं चालली. समोर दगड आला. तिनं हातानं चाचपलं. वर उजवीकडं हात फिरवला. गुळगुळीत. खाच नाही. तिच्या जिवात जीव आला. म्हणजे हा वेगळा. वाट सरकतेय. तरी खूण असावी म्हणून तिनं इथंही एक टाका घातला. या वेळी डावीकडं. मग आणखी एक दगड आला. चाचपला. गुळगुळीत. तिथं मधोमध एक उभी लांब खाच पाडली, म्हणजे तिन्ही खुणा वेगवेगळ्या राहतील.

खुणा घालायला लागल्यापासनं चौथा दगड आला तेव्हा चंद्र वर आला होता.

या वेळी चाचपायची गरज पडली नाही. उजेड सरळ दगडावर पडला होता. उजवीकडं एक खाच. डावीकडं एक खाच. मधे एक उभी. एकाच दगडावर तिन्ही. दोन डोळे अन् नाक.

अन् त्या खाचा आता पेराएवढ्या राहिल्या नव्हत्या. तिनं नुसत्या रेघा पाडल्या होत्या. इथं डोळ्यांना पापण्या होत्या, बुबुळं होती. नाकाला शेंडा होता. अन् ते डोळे तिच्याकडं बघत होते.

धुरपा एक पाऊल मागं सरली. त्या मेंढक्याच्या, म्हणजे या दगडाच्याच, मनात काय होतं ते तिला आत्ता कळलं. त्याला चेहरा हवा होता. अन् तो तिनंच, तिच्याच हातानं, तिच्याच टाकीनं दिला होता. नाकाच्या खाली तेवढी जागा मोकळी होती. तोंडाची.

"धुरपे," दगडाच्या दिशेनं आवाज आला. लिंबाजीचा आवाज. तिच्या नवऱ्याचा. "आता एवढा एकच टाका ऱ्हायलाय. आडवा. घाल आन् जा घरी. वाट मोकळी हुईल."

धुरपानं टाकी थैलीत टाकली.

"माजं ऐकायचं न्हाय?"

"माजा मालक मला धुरपे म्हनत न्हाय," ती म्हणाली. "आन् तू त्याचा आवाज कुटनं उचललास ते मला ठावं न्हाय. तुला सोताचा आवाज न्हाय का?"

मग जे झालं ते ऐका, अन् आपापल्या पोरांना जवळ घ्या.

दगडाच्या आतून मूल रडायला लागलं.

मंजुळा. अगदी तिचंच रडणं. भुकेचं. आधी कण्हल्यागत, मग जोरात, मग श्वास अडकल्यासारखं थांबायचं अन् परत उसळायचं. आई आपल्या पोराचं रडणं हजारात ओळखते. धुरपाचं काळीज फाटलं. ती पुढं धावली, दगडाला दोन्ही हात लावले. थंडगार. आतून रडणं येतंय. घोगरं व्हायला लागलंय. टाका घातला, एक आडवा टाका, तर दगड उघडेल, पोर बाहेर येईल, असं तिला वाटायला लागलं. तिनं टाकी हातात घेतली. नाकाच्या खाली टेकवली. हातोडी उचलली.

अन् तिचं लक्ष स्वतःकडं गेलं.

चोळी कोरडी होती.

बाळंत होऊन सहा महिने झाले होते तिला. मंजुळा झोपेत नुसती कुसकुसली तरी हिचा पान्हा फुटायचा. पालाच्या दुसऱ्या टोकाला रडली तरी चोळी भिजायची. तिच्या हातात होतं का ते? नव्हतं. आपोआप व्हायचं. अन् आता छाती फुटायला आलेली, कानाशी पोर आकांत करतंय, अन् एक थेंब नाही.

धुरपानं टाकी मागं घेतली.

"त्वा माजे कान फसवलेस," ती म्हणाली. "ही छाती न्हाय फसत."

रडणं तोडल्यासारखं बंद झालं. माळावर एकदम शांतता. अन् मग एकाच वेळी सगळीकडून आवाज सुरू झाले. पाटलीण म्हणतेय, काम टाकून जाऊ नये. भिवा नाईक म्हणतोय, घाल टाका. हौसा म्हणतेय, पोर गेलं गं, उशीर केलास. तिची मेलेली आई म्हणतेय, दगडाचं अन्न खातो आपण, दगडाला नाही म्हणू नये. उसने आवाज सगळे. अन् मधे ते दोन डोळे, न मिटणारे.

धुरपाला संताप आला. भीतीच्या वर संताप चढला. हातोडी दोन्ही हातांत धरून तिनं डोक्यावर नेली. चेहऱ्याचे तुकडेच करते, म्हणाली. घाव घालणार, तोच दगड हलला. लई नाही. हनुवटी वर करावी तसा, इतकाच. अन् नाकाखालची मोकळी जागा बरोबर हातोडीच्या खाली आली.

तिनं हात तसाच वर धरून ठेवला. कळलं तिला. घाव कुठंही घातला तरी तो तोंडावर घेणार. लोखंड लागलं पाहिजे, एवढंच त्याला हवं. फोडणं अन् घडवणं त्याला सारखंच.

हळूच हातोडी खाली घेतली. अन् खाली बसली. दगडाच्या पुढ्यात, मांडी घालून.

आता तुम्ही म्हणाल हरली. तसं नाही. ती विचार करत होती. हा आंधळा होता तेव्हा माझ्यापुढं कसा येत होता? अन् तिला तिच्याच थैलीचा आवाज आठवला. खण् खण्. हा टाक्यांच्या आवाजावर चालत होता. अन् आता डोळे आले, आता बघूनही येईल. म्हणजे डोळे झाकले पाहिजेत, अन् लोखंड गप्प केलं पाहिजे. पण डोळे झाकायचे कशानं? फडकं वाऱ्यानं उडेल. चिखल करावा तर माळावर पाण्याचा थेंब नाही.

शिध्याचं गठुडं मांडीवर होतं. ज्वारीचं पीठ.

तिनं गठुडं सोडलं. मूठ दोन मुठी पीठ पदरात घेतलं. चोळीची गाठ सोडली. अन् उजव्या थानाचं दूध त्या पिठात पिळलं. डाव्याला हात लावला नाही. ते मंजुळाचं. दुखत होतं, डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण पिळत राहिली. पीठ मळलं. घट्ट गोळा झाला. दगड बघत होता. आवाज सगळे बंद झाले होते. बाई काय करतेय, त्याला कळत नव्हतं.

अन् मग त्याला दुधाचा वास आला असावा. कारण दगड पुढं झुकला. रक्तावर वाढलेला, इतकी वर्षं उपाशी. झुकला.

धुरपा उठली. गोळ्याचे दोन भाग केले. अन् पोळी थापावी तसं थाप थाप करत त्याचे दोन्ही डोळे लिंपून टाकले. पापण्या, बुबुळं, सगळं. कडेकडेनं अंगठा फिरवून पक्कं केलं.

"घे," ती म्हणाली. "अन्न तुज्या तोंडापसनं चार बोटांवर हाय. आन् खायाला तोंड न्हाय तुला. ते मी देत नसती."

तिनं पदर फाडला. हातोडी अन् टाक्या एकेक करून चिंधीत गुंडाळल्या, आवाज होईना अशा. बांगड्या कोपरापर्यंत वर चढवल्या. अन् चालायला लागली. हळूहळू. कुसळावरून अनवाणी, टाच आधी टेकवून, मग पाऊल. मागं वळून बघितलं नाही.

मागं दगड घुमायला लागला. म्हणजे खरंच घुमला, पाण्यात भोवरा फिरतो तसा आवाज. तिला शोधत होता. तिच्या डाव्या हातानं कुणीतरी पळत गेलं. उजव्या हातानं मेंढ्या गेल्यासारखी गवताची सळसळ. पोराचं रडणं एकदा पुढून, एकदा मागून. तिनं दात आवळले. बाज डाव्या हाताला. चालत राहिली.

खिंड दिसायला लागली. दोन खडकांच्या मधली अरुंद वाट, जेमतेम बैल जाईल एवढी. पलीकडं उतार, अन् उताराच्या तळाला खोकडवाडीचे दिवे. शंभर पावलं उरली असतील. अन् तिच्या पायातलं जोडवं एका खड्यावर आपटलं.

टण्.

इवलासा आवाज. पण पुरे झाला. खिंडीत काळोख एकदम दाट झाला, अन् चंद्राच्या उजेडात दिसलं, दगड वाटेत उभा आहे. डोळ्यांवर पांढरे गोळे. मान इकडून तिकडं करतोय. ऐकतोय.

धुरपा जागच्या जागी उभी राहिली. परत फिरावं तर रात्र परत माळावर. पुढं जावं तर तो अन् खडक यांच्या मधे हातभर फट. तिनं जोडवी काढली. मुठीत घट्ट धरली. छातीत श्वास भरला, अन् तो तिथंच कोंडला. अन् फटीत शिरली.

आडवी होऊन. पाठ खडकाला घासतेय, अन् तोंड त्याच्या तोंडासमोर. नाकाच्या खालची ती गुळगुळीत जागा तिच्या ओठांपासून वीतभर. पिठाचा अन् दुधाचा वास. दगडाचा गारवा गालाला लागतोय. पण तिनं डोळे मिटले नाहीत. नंतर ती सांगायची, "मिटलं आसतं तर म्या भ्याले असं त्याला वाटलं आसतं."

अर्धी गेली. अन् तेव्हा त्यानं हाक मारली. लिंबाजीच्या आवाजात. या वेळी धुरपे म्हटलं नाही. लिंबाजी तिला एकटी असताना ज्या नावानं हाक मारायचा, त्या नावानं. हळूच. लाडानं. ते नाव तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही, म्हणून मलाही ठाऊक नाही. "ओ" तिच्या ओठांपर्यंत आली होती. बाईनं खालचा ओठ दातात धरला, रक्त येईस्तोवर. अन् एक पाऊल सरकली. अन् आणखी एक.

बाहेर पडली तेव्हा पदर मागं अडकला. तिनं ओढला नाही. लुगड्याचा तेवढा भाग टरकावून टाकला अन् उतारावरून धावत सुटली. मागून सगळे आवाज एकदम आले, पण खिंड ओलांडून एकही आला नाही. उताराच्या मध्यावर असताना वाडीतनं खरं रडणं ऐकू आलं. बारीक, दमलेलं. अन् चोळीची डावी बाजू भिजली.

पालात पोचली तेव्हा हौसा मंजुळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. "कुटं हुतीस गं? रडून रडून निळी पडली पोर." धुरपानं पोर घेतली, पदराखाली धरली. पाजून झालं. पोर झोपली. मग तिनं हौसाला सगळं सांगितलं, अन् उजाडेपर्यंत पोर मांडीवरून खाली ठेवली नाही.

गोष्ट इथं संपली असं वाटतं ना? थांबा. भुताचा भाग संपला. माणसांचा राहिलाय.

हौसाच्या तोंडून बातमी पसरली, अन् दुसऱ्या दिवशी पिंपळखुटीची माणसं माळावर गेली. बघतात तर जुन्या गावातली शिळा खिंडीत येऊन उभी. डोळ्यांवरच्या पिठाला मुंग्या लागलेल्या. मुंग्यांनी पीठ नेलं, अन् खालून डोळे उघडे झाले. लोक पाया पडले. देव जागा झाला म्हणाले. पाटलानं मंडप घालायचं ठरवलं, अन् धुरपाला चावडीवर बोलावलं.

"डोळे तूच घातलेस ना?" पाटील म्हणाला. "मग तोंडही तूच घाल. मानाचं लुगडं देतो. तुझ्या पालांना कायमची जागा देतो."

"न्हाय," धुरपा म्हणाली.

"देवाला नाही म्हणतेस?"

"द्येव आसता तर उपाशी पोराच्या आयेला वाट दिली आसती. त्यानं माज्या पोराचं रडनं चोरलं, पाटील. त्याला तोंड दिलं तर त्यो मागायला लागंल. कोंबडं मागंल, बकरं मागंल. मग त्यावर भागायचं न्हाय. तवा तुमी कुनाची पोरं पुढं करनार? माज्यासारख्याचीच."

पाटलाचा चेहरा लाल झाला. "खोकडवाडीही माझ्याच हद्दीत येते. उद्याच्याला तुझी पालं शिवेत दिसता कामा नयेत."

"आजच उचलतो."

चावडीला लागूनच असलेल्या वाड्याच्या दारात पाटलीण उभी होती. पदर सारखा करून ती बाहेर आली. चारचौघांत बोलायची रीत नव्हती तेव्हा बायकांची. पण म्हणाली, "ती नाही म्हणाली ना? मग बास. तिला माळावर मीच धाडलं, दिवस बुडवून. आणखी तिच्यावर काही लादायचं नाही." अन् आत निघून गेली.

पालं उठवायचं पाटलानं पुन्हा काढलं नाही, पण तोंडाचा हट्ट सोडला नाही. लांबलांबचे पाथरवट आणले. पण धुरपानं आधीच पालापालांतून निरोप फिरवला होता. जो आला तो खिंडीपर्यंत गेला, त्या डोळ्यांत बघितलं, अन् हत्यार न काढता परत आला. एकानंही टाकी लावली नाही. मंडपाच्या बल्ल्या तिथंच कुजल्या.

तो अजून आहे तिथं. दोन डोळे, नाक, अन् खाली गुळगुळीत. त्या अंगानं कुणी जात नाही, वाट काट्यांनी भरून गेलीय. धुरपा म्हातारी होईस्तोवर ओढ्याच्या वाटेनं कामाला जायची. माळाच्या खाली आली की बाकीच्या बायका डोक्यावरनं पदर ओढून घ्यायच्या, त्याची नजर नको म्हणून. ही पदर मागं सारायची, थांबायची, मान वर करून खिंडीकडं टक लावून बघायची. अन् मग चालू लागायची.

तर मंडळी, खोकडवाडीकडचे कोण कोण आहेत? ओढ्याच्या वाटेनं जा. लांब पडते, पडू दे. चिखल आहे, असू दे. माळाची वाट धरू नका. आज नाही, उद्या नाही, घरचं मूल रडत असलं तरी नाही. ती सुटली ती धुरपा होती म्हणून.

हं. रस दाट झाला बघा. घ्या उतरवून.